आधी रजिस्टर मागा

तालुक्याच्या गावाचं कौतुक करायचं म्हटलं की हल्ली ड्रोन उडतो. वरून नदीचं वळण, देवळाचा कळस, एसटी स्टँड, बायपास. मागे संगीत, शेवटी गावाचं नाव सोनेरी अक्षरात. नगरपरिषदेच्या कॅलेंडरवर हेच आणि दिवाळीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवरही हेच. दिसायला छान दिसतं, पण त्यात एकही माणूस ओळखू येत नाही. ज्याला गावाचं जगणं दाखवायचं आहे त्यानं जुन्या स्टुडिओवाल्याच्या माळ्यावर चढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तीस-चाळीस वर्षं अख्ख्या गावाला समोर बसवून ‘हनुवटी जरा खाली, हलू नका’ असं सांगणारा दुसरा कुणी गावात नव्हता.

मध्य प्रदेशातल्या नागद्याचं उदाहरण घ्या. मुंबई-दिल्ली लोहमार्गावरचं हे जंक्शन आपल्यातले कित्येक जण झोपेतच ओलांडतात. गाव वाढलं ते ग्रासिमच्या कारखान्यामुळे, त्यामुळे चहूकडून येऊन वसलेली माणसं तिथं खूप. सुरेश पंजाबी यांनी १९७९ साली तिथं ‘सुहाग स्टुडिओ’ काढला. नोकरीच्या अर्जाचे, लग्न जुळवण्यासाठी पाठवायचे, दोन मित्रांनी हौसेनं खांद्यावर हात टाकून काढलेले असे सगळ्या तऱ्हेचे फोटो त्यांनी काढले आणि निगेटिव्ह फेकल्या नाहीत. लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी १९८० च्या दशकापासून या गावाचा अभ्यास करत आले. त्यांचं ‘कॅमेरा इंडिका’ १९९७ मध्ये आलं, आणि २०१३ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सनं पंजाबींच्या फोटोंवरचं ‘आर्टिझन कॅमेरा’ छापलं. त्यातली माणसं कुणी मोठी नाहीत. पण अंगावरच्या शर्टापासून उभं राहण्याच्या ढबीपर्यंत त्या वेळचं नागदा त्यांच्यात आहे.

पिनी यांनी आपला एक अनुभव लिहिला आहे. त्यांनी लोकांचे सहज, नकळत टिपलेले फोटो काढले होते. चेहऱ्यावर सावली, अंग अर्धंच चौकटीत. ज्यांचे काढले त्यांना ते पसंत पडले नाहीत. चेहरा काळा का आला, पाय कुठे गेले? त्यांना फोटो हवा होता समोरून, डोक्यापासून पायापर्यंत, स्वच्छ उजेडातला. ही अडाणी आवड नाही. आपण जगाला कसं दिसावं हे ठरवण्याचा हक्क ती माणसं मागत होती. गावचा स्टुडिओवाला तो हक्क पाच मिनिटांत देत असे. भिंतीवर खिळ्याला काळा कोट, आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, मागे बाग नि जिना रंगवलेला पडदा. कोट कुणाच्याही मापाचा नसायचा, तरी तो चढवला की हमालही ताठ बसायचा. मग रात्री निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं टचिंग. देवीचे व्रण पुसट व्हायचे, डोळ्याखालचा काळेपणा जायचा. पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईच्या पडद्यापुढे उभं राहून फोटो काढून घेणारी वारकरी जोडपी आठवा. वर्षाची कमाई त्या एका फोटोत घरी जायची.

अर्थात स्टुडिओची पायरी न चढलेलीही पुष्कळ होती. पैसे नव्हते, वेळ नव्हता, बायकांना तर कुणी नेलंच नाही. १९९३ नंतर मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा कित्येक म्हाताऱ्यांचा जन्मातला पहिला फोटो निघाला, आणि अनेकींचा तोच शेवटचा. त्या गेल्या की मुलगा कार्ड घेऊन स्टुडिओत येतो: ‘एवढाच आहे, मोठा करून द्या.’ स्टुडिओवाला तो अंगठ्याएवढा, धुरकट चेहरा मोठा करतो. कपाळावर कुंकू हवं की नको ते विचारतो, विरलेला पदर नीट करतो, मागे निळं आकाश टाकतो. मग फ्रेम आणि हार. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत भिंतीवरची आजी ही अशी सरकारी कार्डातून बाहेर काढलेली आहे. हे काम करणाऱ्या माणसाला आपण कलावंत म्हणत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गावानं हे जपलं नाही तर काय होतं ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या हेबर स्प्रिंग्ज या छोट्या गावात दिसलं. माइक डिसफार्मर तिथला फोटोग्राफर, १९५९ मध्ये वारला. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह गावातल्याच एकानं किरकोळ पैशात उचलल्या म्हणून वाचल्या. १९७६ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक निघालं, त्याचं नाव झालं. आणि २००० नंतर न्यूयॉर्कच्या संग्राहकांची माणसं गावात दारोदार फिरून घरच्या आल्बममधले मूळ फोटो विकत घेऊन गेली. शेतकऱ्यांचे आजी-आजोबा गॅलरीच्या भिंतीवर गेले. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या फोटोंना गावातच मानाची जागा मिळाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

आपल्याकडे तर संग्राहकही येत नाहीत, भंगारवाला येतो. ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून त्या किलोवर जातात. उरतात त्या माळ्यावरच्या दमटपणात एकमेकींना चिकटतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर समजायचं, फिल्म आतून कुजायला लागली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवल्या तरी बरीच वर्षं मिळतात.

नेपाळमध्ये २०११ पासून ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ घराघरांतले आणि स्टुडिओतले असे फोटो गोळा करते आहे. २०१५ च्या एप्रिलात भूकंप झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाटणच्या गल्ल्यांत, चौकांत ‘फोटो काठमांडू’ हा उत्सव भरला. पडझडीतून सावरणाऱ्या वस्तीत, येता-जाता कुणालाही दिसतील असे फोटो. आपल्याला नवा मांडव घालायचीही गरज नाही. गणपतीत एका मंडळानं एक वर्ष नेहमीचा देखावा सोडून गावचे जुने फोटो लावावेत. शेजारी वही आणि पेन ठेवावं. आरतीला आलेल्या बायका नावं सांगतील, कोण कुणाची कोण, कुठल्या आळीतली, पुढे काय झालं. ज्या घरातला फोटो त्या घराला आधी विचारावं. कुणी नको म्हटलं तर निमूट उतरवावा. आणि ज्या वस्त्यांतून एकही फोटो सापडणार नाही, तिथं गावातल्या पोरांनी मोबाईल घेऊन जावं, पण समोरून, विचारून, पायांसकट काढावेत.

तुमच्या गावातला स्टुडिओ बंद व्हायच्या बेतात असेल तर कॅमेरा, पडदा, एनलार्जर यांच्या आधी रजिस्टर मागा. निगेटिव्हचा नंबर, नाव, गाव, किती कॉप्या, पैसे जमा की बाकी, हे सगळं त्यातच आहे. निगेटिव्ह नंतरही स्कॅन करता येतील, पण पाकिटावर नुसता नंबर असतो आणि तो नंबर कुणाचा हे फक्त त्या वहीला ठाऊक असतं.