विज्ञान आणि शेती : हिरड्यातले सत्त्व कसे मोजतात?

मुंबईत अँटॉप हिलला केंद्र सरकारी नोकरांची मोठी वसाहत आहे. अशा वसाहतींत नोकरीनिमित्त राहणाऱ्यांच्या गावाकडून आलेल्या पिशवीत हळदीबरोबर त्रिफळा चूर्णाची पुडीही निघते. तिथून जवळच, माटुंग्याला, रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली. औषधनिर्माणही तेथे शिकवतात. दोन पुड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. कोणत्या पुडीत औषध किती, हे प्रयोगशाळेतच कळते.

आवळा विळीवर चिरला की पाते काळे पडते, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. हिरड्याचे पाणी लोखंडी कढईत ठेवले तर शाईसारखे होते. ही करामत तुरट द्रव्यांची. शास्त्रज्ञ त्यांना फेनॉल वर्गातली द्रव्ये म्हणतात. हिरड्यातले गॅलिक आम्ल व टॅनिन आणि हळदीतले कुर्क्युमिन ही एकाच घराण्यातली. आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा कण, ती चटकन देऊन टाकतात. मोजणीची सगळी युक्ती यातच आहे.

वीज वाहून नेणाऱ्या काचपट्टीवर टिटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप देतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही भुकटी. पट्टी औषधाच्या द्रावणात बुडवून तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला की लेपातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात, मागे रिकाम्या जागा राहतात. फेनॉल आपला इलेक्ट्रॉन देऊन त्या भरून काढते आणि तारेतली वीज वाढते. द्रव्य जास्त, तर वीज जास्त. अर्थात आधी माहीत प्रमाणाच्या द्रावणांवर यंत्र पारखून घ्यावे लागते, तराजू पारखावा तसे.

पेच एकच. आवळ्यातले क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देते, आणि तो कोणी दिला हे यंत्र विचारत नाही! म्हणून मिश्र चूर्णातली द्रव्ये आधी वेगळी करावी लागतात. नाहीतर आकडा फुगतो.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा गोळा करणाऱ्यांना याचे काय? त्यांचा माल किलोवर विकला जातो, औषध मात्र सत्त्वावर लागू पडते. कोवळ्या फळात टॅनिन अधिक असते. बुरशी लागली की ती टॅनिनच खाते. तेव्हा कोवळा आणि पिकलेला हिरडा एका पोत्यात भरू नका, पावसाआधी खडखडीत वाळवा. खरेदीदाराने तपासणीचे कारण सांगून भाव पाडला, तर तपासणीचा कागद दाखवायला सांगा, आणि नमुना पोत्याच्या तोंडाचा घेतला की तळाचा, तेही विचारा.