पालकसभेत मार्कांआधी हे विचारा

शाळा सुरू होऊन चार आठवडे झाले की पहिल्या पालकसभेची सूचना येते. ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, सभेचा क्रम ठरलेला असतो. आपण सही करतो, गणवेश, व्हॅन आणि घटक चाचणीच्या तारखा ऐकून घेतो. मग बाईंच्या टेबलापाशी रांग लागते आणि आपला नंबर आला की आपण विचारतो, "अभ्यासात कसा आहे?" बाई सांगतात, "बरा आहे, अक्षर सुधारायला हवं." तेवढ्यावर आपण निघतो.

या वर्षी त्या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. "बाई, माझं मूल वर्गात मोकळेपणाने बोलतं का? हा वर्ग त्याला आपला वाटतो का?"

हा प्रश्न अभ्यासाचाच आहे. जे समजलं नाही ते "समजलं नाही" असं उभं राहून सांगता आलं, तरच मूल पुढे शिकतं. आपण बोललो की सगळे हसतील, अशी ज्याला धास्ती आहे ते मूल हात वर करत नाही. अपूर्णांक न कळताच पुढचा धडा सुरू होतो आणि मार्क कमी पडले की आपण क्लास लावतो. मूळ दुखणं मात्र तसंच राहतं.

आपल्या भागातल्या वर्गांत तर या धास्तीला कारणं पुष्कळ. एका बाकावर आगरी घरातली मुलगी असते, शेजारी उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षाचालकाचा मुलगा, मागे मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या कुटुंबातलं मूल. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. त्या घरांची आजची पिढीही याच शाळांतून शिकते. मुंब्रा, दिवा, टिटवाळा, भाडं परवडेल तिथे घर घ्यायचं आणि अकरा महिन्यांनी हलायचं, ही इथल्या हजारो कुटुंबांची रीत. घर बदललं की शाळा बदलते, आणि मूल पुन्हा एकदा अनोळखी वर्गाच्या दारात उभं राहतं.

शाळेने मुलाकडे जायचं असतं, हे याच जिल्ह्याने देशाला दाखवलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. हा डहाणूचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण कोणी गुरं राखायचं, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं. मुलांना दोष देऊन या दोघी थांबल्या नाहीत. गुरं चरतात त्या कुरणात त्यांनी कुरणशाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मोठी बहीण धाकट्याला घेऊनच शिकायला येईल.

नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी आणि इतर कुटुंबांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्टीजवळच भोंगाशाळा, म्हणजे झोपडीतल्या शाळा, उभ्या केल्या. २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर गजरे विकणारी, बहुतेक पारधी कुटुंबांतली मुलं तिथे शिकू लागली आणि पुढे त्यांच्यातली काही दहावीही उत्तीर्ण झाली. या तिन्ही कामांत शिक्षकांनी आधी मुलाचं घर, भाषा आणि दिवसभराचे कष्ट समजून घेतले आणि मग पाटी हातात दिली.

तुमच्या-माझ्या मुलाच्या शाळेला इमारत आहे, बाक आहेत. पण आधी मुलाला समजून घेण्याचं काम तिथेही उरतंच. त्यात पालकाचा वाटा मोठा आहे, कारण बाईंना जे वर्गात दिसत नाही ते आपल्याला घरी दिसतं.

म्हणून सभेला जाण्याआधी दोन-तीन दिवस मुलाशी निवांत बोला. "आज काय शिकवलं?" याऐवजी "डबा कोणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळतो, वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या तासाला पोटात गोळा येतो, हे हळूहळू काढून घ्या. डब्यात सुकट किंवा बोंबील दिले म्हणून कोणी नाक मुरडलं असेल. "खयं", "कनचा" असे घरचे शब्द तोंडून गेले म्हणून "नीट बोल" असं ऐकावं लागलं असेल. कोणाला "भैया", कोणाला "झोपडपट्टीवाला", शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्याला "आरटीईवाला" म्हणत असतील. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे म्हणून जातीच्या प्रवर्गाचं नाव घेऊन भर वर्गात उभं केलं जात असेल. यातलं काहीही मूल आपणहून सांगेलच असं नाही. ते फक्त सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणेल.

हे कळलं की शिक्षकांशी बोला, आणि बोलण्याची रीत सांभाळा. चाळीस पालकांच्या रांगेत हा विषय निघू शकत नाही. डायरीत दोन ओळी लिहून वेगळी दहा मिनिटं मागा. सातच्या लोकलने जाऊन रात्री नऊला परतणाऱ्या आई-बापांना हे अवघड असतं, हे खरं. मग आजी-आजोबांना किंवा मावशीला पाठवा, किंवा शनिवारची वेळ मागा. पण वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय काढू नका. तिथे एका मुलाचं नाव आलं की रात्रीत शंभर घरांत ते पोहोचतं, आणि दोन्हीकडची मुलं दुखावतात.

भेटीत आरोपाने सुरुवात करू नका. घडलेली एक गोष्ट सांगा, मुलावर तिचा काय परिणाम झाला ते सांगा आणि विचारा, "तुम्हाला वर्गात काय दिसतं?" मग ऐका. पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा: जागा बदलायची, गटकामात जबाबदारी द्यायची, की शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात न मागता कार्यालयात घ्यायचे. तीन आठवड्यांनी पुन्हा भेटायचंही तेव्हाच ठरवून घ्या.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाला घातलं आणि आपलं शिक्षण मराठीत झालं, म्हणून कित्येक आई-वडील बाईंसमोर गप्प उभे राहतात. असं करू नका. मराठीत बोला, हिंदी येत असेल तर हिंदीत बोला. तुमच्या मुलाची माहिती तुमच्याइतकी कोणालाच नाही, आणि ती सांगायला इंग्रजी लागत नाही. आपली आई शाळेत आपल्याच भाषेत ताठ मानेने बोलते, हे पाहिलेल्या मुलाला घरच्या भाषेची लाज वाटत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, तोही माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला मनाई केली आहे. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही शासनाची आणि महापालिकेची जबाबदारी आहे. शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं, असंही त्यात म्हटलं आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. अशा शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती कागदावर राहू नये, यासाठी तिच्यात जा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तरी तिथेही मुख्याध्यापकांना भेटून बोलायला कोणाची आडकाठी नाही. कायदा माहीत असावा, पण पहिल्या भेटीत तो टेबलावर आपटू नये.

आता शिक्षक बंधू-भगिनींनो, दोन शब्द तुमच्याशी. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असं कायदा सांगतो, आणि तुमच्यापैकी अनेकांसमोर त्याहून कितीतरी मोठा वर्ग बसलेला असतो. वर निवडणुकीची कामं आणि रोजची ऑनलाइन माहिती. तुमच्यावर आणखी ओझं टाकायचा हेतू नाही. पण पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचं नाव घरचे उच्चारतात तसं उच्चारा. हजेरीत नावावर हसू आलं तर तिथल्या तिथे थांबवा. वर्गात वारली, आगरी, भोजपुरी, सिंधी बोलणारं मूल असेल तर एखाद्या धड्यातल्या वस्तूला त्याच्या घरी काय म्हणतात ते त्यालाच विचारा आणि फळ्यावर लिहा. दोन मिनिटांचं हे काम त्या मुलाला वर्षभर पुरतं. आणि एखादा पालक संकोचत काही सांगायला आला, तर त्याला तक्रारखोर समजू नका. पुष्कळ धीर गोळा करून तो आलेला असतो.

शेवटची विनंती पुन्हा पालकांना. ज्या मुलाचे आई-बाप सभेला येऊच शकत नाहीत, ते मूलही याच वर्गात आहे. बाप साइटवर आहे, आई चार घरची धुणीभांडी करते, सुट्टी घेतली तर दिवसाचा रोज बुडतो. त्या मुलाच्या बाजूने कोण विचारणार? तुम्हीच विचारा. आपल्या मुलासाठी एक प्रश्न न्याल, तेव्हा दुसऱ्याच्या मुलासाठीही एक न्या: "बाई, वर्गात एकटं पडलेलं कोणी आहे का? आम्ही काय करू शकतो?" त्याला वाढदिवसाला घरी बोलवता येईल, शाळेत जाता-येता सोबत घेता येईल, त्याच्या आईला सभेत काय ठरलं ते सांगता येईल. आपल्या मुलाच्या डोळ्यांदेखत आपण हे केलं, तर तेही कोणाला चिडवणार नाही आणि कोणी चिडवत असेल तर गप्प बसणार नाही. पालकसभेची तारीख आजच पाहून ठेवा.