पंचविसाव्या हिश्श्याची मोटार

१९५० च्या दशकात अमेरिकेत दर वर्षी शरद ऋतूत नव्या मोटारी बाजारात येत. त्याआधी काही दिवस विक्रेते आपल्या दालनाच्या काचा कागदाने झाकून ठेवीत, आणि ठरलेल्या दिवशी तो कागद उतरे. गर्दी लोटे. त्या गर्दीत आईवडिलांचे बोट धरून आलेल्या मुलाच्या हाती विक्रेता एक छोटी मोटार ठेवी. दालनात उभ्या असलेल्या मोटारीचीच हुबेहूब प्रतिकृती, रंगही कारखान्याच्या यादीतलाच. मूल ती घरी नेई आणि पुढचे कित्येक दिवस ती जेवणाच्या टेबलावर फिरे. जाहिरातीचा इतका स्वस्त आणि इतका काळ घरात टिकणारा प्रकार क्वचितच कुणा व्यापाऱ्याला सुचला असेल.

या प्रतिकृती मोटार कंपन्या स्वतः घडवीत नसत. मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे १९४८ साली वेस्ट गॅलॉग्ली नावाच्या एका वकिलाने एएमटी ही कंपनी काढली. तिची पहिली प्रतिकृती फोर्ड मोटारीची, ॲल्युमिनियममध्ये ओतलेली होती. पुढे लवकरच प्लास्टिक आले. डेट्रॉइटमध्ये जो-हॅन हे दुसरे नाव. नवी मोटार आणि तिची प्रतिकृती एकाच दिवशी दालनात यायची, तर मोटारीचे आराखडे या छोट्या कारखान्यांना कित्येक महिने आधी द्यावे लागत. ज्या आकृत्यांसाठी प्रतिस्पर्धी कंपन्या वाटेल ते मोजायला तयार झाल्या असत्या, त्या एका खेळणी बनवणाऱ्याच्या कपाटात पडून असत. हा सारा धंदा पतीवर चालला. बोलणे बाहेर फुटले असते तर पुढच्या वर्षीचे काम गेलेच असते.

१९५८ साली एएमटीने तोच साचा दुसऱ्या प्रकारे वापरला. जुळवलेली मोटार देण्याऐवजी सुटे भाग खोक्यात घालून दुकानात ठेवले. एकाच खोक्यातून मोटार तीन तऱ्हांनी उभी करता येई : कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. किंमत दोन डॉलरच्या आत. प्रमाण बहुधा एकास पंचवीस. शिकागोकडील मोनोग्राम कंपनी एकास चोवीस वापरी, आणि दोन प्रमाणांच्या मोटारी एकाच फळीवर ठेवल्या की जाणत्याच्या डोळ्याला ते लगेच खुपते. १९५९ ची कॅडिलॅक, जिचे मागचे उंच पंख आजही ओळखीचे आहेत, प्रत्यक्षात पावणेसहा मीटरच्या जवळपास लांब होती. पंचविसाव्या हिश्श्यात ती तेवीस सेंटिमीटर भरते, म्हणजे जुन्या रोजमेळाच्या चोपड्यापेक्षाही आखूड.

या व्यवसायाचा एक हिशेब मात्र पुढे महागात पडला. पोलादी साचा घडवणे फार खर्चाचे. म्हणून पुढच्या वर्षी मोटारीची जाळी किंवा मागचे दिवे बदलले की त्याच साच्यात कोरून बदल केले जात. १९६२ चा साचा असा १९६३ चा झाला, की १९६२ ची मोटार त्यातून पुन्हा कधीच निघत नसे. त्या वेळी याचे कोणाला काही वाटले नाही. मागच्या वर्षीची मोटार कोण विकत घेणार? आज त्याच न उघडलेल्या खोक्यांसाठी शौकीन मोठी रक्कम मोजतात. अलीकडे हरवलेल्या काही साच्यांच्या जागी, जुन्या प्रती मोजून नवे साचे पुन्हा घडवण्यात आले आहेत.

कधी उलटेही घडले. क्रायस्लरने १९६३ ते १९६६ या काळात टर्बाइन इंजिनाच्या ५० मोटारी २०३ सामान्य ग्राहकांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. प्रयोग संपल्यावर, आधीच्या पाच नमुन्यांसह, एकूण ५५ पैकी केवळ ९ मोटारी ठेवून कंपनीने बाकीच्या नष्ट केल्या. जो-हॅनने त्याच मोटारीचा काढलेला खोका मात्र आजही हाती लागतो, आणि बारकाव्यांत तो अजून उत्तम गणला जातो.

मराठी घरांना हा विषय वाटतो तितका परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारी उभ्या राहू लागल्या. भाग अमेरिकेहून खोक्यांतून गोदीवर उतरत आणि इथले कामगार ते जोडीत. गावोगावच्या पेढ्यांसमोर, लग्नाच्या वरातीत ज्या मोठ्या मोटारी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या, त्यांतल्या कित्येक अशा खोक्यांतून आलेल्या होत्या.

आता कामाकडे. भागांवर साच्याच्या तेलाचा अंश असतो, म्हणून ते आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत. हे टाळले की रंग पोपडे धरतो. भाग चौकटीतून पिळून तोडू नयेत, बारीक कटरने कापून काचकागदाने घासावेत. जोडण्याचे द्रव्य खरे पाहता डिंक नव्हेच : ते प्लास्टिकचे दोन काठ विरघळवते आणि सुकताना एकजीव करते. त्याच्या वाफा घातक असतात. अमेरिकेत मुले नशेसाठी त्या हुंगू लागली, तेव्हा टेस्टर्स कंपनीने १९६९ साली त्यात मोहरीचा झोंबणारा अर्क मिसळला. खिडकी उघडी ठेवावी, आणि काचेच्या भागांना ते द्रव्य मुळीच लावू नये. तिथे साधा पांढरा डिंक योग्य.

रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या मोटारीवर तो अडीच मिलिमीटरचा लेप ठरला असता. दारांच्या रेघा बुजतात त्या यामुळेच. म्हणून पातळ हात, अनेक वेळा, मध्ये पुरेसा अवकाश. पावसाळ्यात लॅकरची फवारणी करू नये, दमट हवेत ती दुधाळ पडते; ते चार महिने आतील बैठका आणि इंजिन यांना द्यावेत. बारीक कामासाठी ‘सेबल’ कुंचल्याची फार शिफारस होते, पण तो कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. नायलॉनच्या चांगल्या कुंचल्याने तेच काम होते, आणि जैन घरात दुसरा कुंचला येण्याचे कारण नाही.

या छंदाची खरी अडचण पुढेच आहे. जुळवणाऱ्यांपेक्षा साठवणारे अधिक. उरलेल्या आयुष्यात पुरे होणार नाहीत इतके खोके घरात असल्याचे शौकीन हसत सांगतात. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताशी परिचय असलेल्या वाचकाला ते हसू पुरते पटणार नाही. शिवाय माल पडून राहिल्याने सुधारत नाही : पाण्याने उतरवायची चित्रे पिवळी पडतात, आणि मऊ टायर ज्या भागाला टेकतात त्या प्लास्टिकला खातात. खोका उघडून टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत. मालक गेला की घरच्यांना कोणत्या खोक्याचे मोल काय हे कळत नाही. पहिला येणारा माणूस उकत्या भावात सगळे उचलतो, नाहीतर ते रद्दीत जाते. दुकानातल्या मालाची नोंद ज्या घरात काटेकोर होते, तिथे या कपाटाचीही एक वही असावी : नाव, साल, भाग पूर्ण की अपुरे, खरेदीचा भाव आणि पुढे कोणाला द्यायचे ते. एक मोटार पुरी झाल्यावाचून दुसरा खोका आणायचा नाही, असा नियम काही जण पाळतात. तो अवघड आहे, कारण हव्या त्या मोटारीचा खोका पुन्हा मिळेलच असे नसते.

एएमटी हे नाव पुढे अनेक हातांतून गेले. आज ते इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील राउंड टू कंपनीकडे आहे. याच गावात १८५२ साली स्टुडेबेकर बंधूंनी लोहारकामाची भट्टी घातली, घोड्यांच्या गाड्या बनवल्या, पुढे मोटारींत नाव काढले, आणि डिसेंबर १९६३ मध्ये तिथला मोटारींचा कारखाना बंद होऊन हजारोंचे काम गेले. १९५३ ची स्टुडेबेकर, जिच्या बांध्याचे अजूनही कौतुक होते, ती आता याच गावातल्या कंपनीच्या नावाने पंचविसाव्या हिश्श्यात विकली जाते. भाग चीनमध्ये ओतले जातात.