खाऱ्या हवेतली खरखर

१९२७ साली मुंबईतून नियमित नभोवाणी सुरू झाली. पुढे खाडीपलीकडे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या घरांतही मर्फी-फिलिप्सचे रेडिओ आले. आज त्यातले काही माळ्यावर पडून आहेत. खाऱ्या, दमट हवेने स्विचच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो आणि आवाजाचे बटण फिरवले की खरखर होते.

तेवढ्यावरून सेट भंगारात काढणे हा अन्यायच. अनेकदा वीज तोडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि बटण मागेपुढे फिरवले की काम भागते.

सततची घरघर असेल, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने तपासूनच हात घालावा. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट आधी साध्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावावा. बल्ब लख्ख पेटूनच राहिला, तर आत शॉर्ट असण्याची दाट शक्यता.