नेम

बोफोर्स म्हटले की आपल्याकडे दलालीचे प्रकरण आधी आठवते. परंतु १९८६ सालच्या त्या व्यवहारातली तोफ वेगळी. आज सांगायची आहे ती तिच्या वडील बहिणीची गोष्ट. ही ४० मिलिमीटरची, विमानांवर मारा करणारी.

स्वीडनच्या आरमाराने १९२८ साली बोफोर्स कारखान्याकडे तिची मागणी नोंदविली. अडचण मोठी मजेची होती. ताशी ३६० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला १०० मीटर पुढे सरकते. गोळा तिथवर पोचायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात विमान ३०० मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे नेम धरायचा तो विमान जिथे नाही तिथे! त्यातून वैमानिकाने मध्येच वळण घेतले, की सारे गणित फुकट. ‘काही नेम नाही’ हे आपण सहज बोलून जातो. तोफखान्यात ते अक्षरशः खरे ठरते.

यावर तोड एकच : एका गोळ्यावर भिस्त न ठेवता अनेक गोळे झपाट्याने सोडायचे. चार-चार गोळ्यांचा संच सैनिक हाताने वरून भरीत. पुढचे काम तोफेच्या धक्क्याच्याच बळावर चाले. रिकामे कवच बाहेर पडे, नवा गोळा आत जाई. मिनिटाला सुमारे १२० गोळे सुटत.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. त्याची तोफ मात्र दोन्ही बाजूंनी लढली. तिची मर्यादा उघडी पडली ती १९४४-४५ मध्ये. जपानी आत्मघातकी वैमानिकांना परत जायचेच नव्हते. विमानाला गोळा लागला तरी ते पेटत्या स्थितीत अमेरिकन जहाजावर येऊन आदळे. नेम अचूक लागूनही खलाशी मरत.

पुढे क्षेपणास्त्रे आली आणि अशा तोफांचे दिवस भरले असे वाटू लागले. पण मे २०२५ मध्ये पाकिस्तानकडून ड्रोन आले, तेव्हा भारतीय लष्कराने याच घराण्यातली ‘एल-७०’ वापरली. तिचा मूळ आराखडा महायुद्धानंतरच्या काळातला. रडार आणि संगणक यांची जोड मात्र नवी. कारण साधे आहे. स्वस्त ड्रोन पाडायला दर वेळी महागडे क्षेपणास्त्र खर्चणे कोणत्याच देशाला परवडत नाही.

हिशेब आता यंत्र करते, पण तो आहे जुनाच : शत्रू आत्ता कुठे आहे हे पाहून भागत नाही, क्षणभराने कुठे असेल ते ओळखावे लागते. आणि ते ओळखण्यात चूक झाली, तर तिची किंमत खाली घराघरांत झोपलेली माणसे मोजतात.