विश्लेषण : प्रोग्रामरचा नवा लॅपटॉप हॅकरच्या निशाण्यावर का?

नवा लॅपटॉप हातात आला की प्रोग्रामरचा पहिला दिवस जातो तो सॉफ्टवेअर बसवण्यात. कोड लिहिण्याचा एडिटर, गिट, प्रोग्रामिंगच्या भाषा आणि त्यांची शेकडो पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवली जातात. नेमका हाच टप्पा हल्लेखोरांनी हेरला आहे. त्याचा फटका त्या प्रोग्रामरपुरता राहत नाही, त्याने बनवलेले ॲप वापरणाऱ्यांपर्यंतही तो पोहोचू शकतो.

पहिलीच कमांड धोक्याची कशी?

मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ‘होमब्रू’ हे साधन लोकप्रिय आहे. त्याच्या संकेतस्थळावरची एक ओळ कॉपी करायची आणि टर्मिनलमध्ये चिकटवायची, इतके ते सोपे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलवर होमब्रूची बनावट जाहिरात दिसू लागली. जाहिरातीत पत्ता खरा दिसत होता. क्लिक केल्यावर मात्र नावात एक अक्षर जादा असलेले हुबेहूब संकेतस्थळ उघडत होते. तिथली ओळ चिकटवली की माहिती चोरणारे सॉफ्टवेअर संगणकात शिरत असे.

‘एनपीएम’मध्ये काय घडले?

जावास्क्रिप्टची पॅकेजेस ‘एनपीएम’ या भांडारातून येतात. एक पॅकेज बसवले की त्याला लागणारी इतर अनेक पॅकेजेस आपोआप येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पॅकेजकर्त्याला बनावट ईमेलने फसवून हल्लेखोरांनी त्याचे खाते मिळवले आणि ‘चॉक’, ‘डिबग’सह १८ पॅकेजेसमध्ये घातक कोड घातला. या पॅकेजेसची एकत्रित डाउनलोड संख्या आठवड्याला २०० कोटींहून अधिक होती.

त्याच महिन्यात ‘शाई-हुलुद’ हा स्वतःहून पसरणारा व्हायरस आला. पॅकेज बसताच तो आपोआप चालू होई, संगणकातील पासवर्ड आणि गुप्त चाव्या शोधून चोरी आणि त्या चाव्या वापरून त्याच प्रोग्रामरच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवी. ५०० हून अधिक पॅकेजेस बाधित झाल्याचे अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने सांगितले.

सामान्यांचा काय संबंध?

‘लास्टपास’ या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये हल्लेखोर तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरले. त्यावरील मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटी त्यांच्या कामी आली. अभियंत्याने टाइप केलेला मुख्य पासवर्ड टिपून ते ग्राहकांच्या पासवर्ड तिजोऱ्यांच्या बॅकअपपर्यंत पोहोचले. घरच्या एका संगणकातून लाखो ग्राहकांचा डेटा धोक्यात आला.

उपाय कोणते?

साधनांचे पत्ते जाहिरातीतून न उघडता अधिकृत संकेतस्थळावरून घेणे, ही पहिली पायरी. डिस्क एन्क्रिप्ट करणे, कामाचा आणि घरचा संगणक वेगळा ठेवणे, गुप्त चाव्या साध्या फाइलमध्ये न ठेवणे, खात्यांना पासकी लावणे या पुढच्या पायऱ्या.

साधनेही बदलत आहेत. ‘पीएनपीएम’ची दहावी आवृत्ती पॅकेजेसमधील स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालवत नाही. नवी आवृत्ती ठरावीक काळ जुनी झाल्याशिवाय बसवायची नाही, अशी सोयही त्यात आली आहे. सप्टेंबरमधील १८ पॅकेजेसचा प्रकार काही तासांतच उघड झाला होता. एक दिवस थांबलेला प्रोग्रामर त्यातून वाचला असता.

थांबणे पुरेसे आहे का?

नाही. लिनक्समधील ‘एक्सझेड’ या साधनाची घातक आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ती उघड झाली २९ मार्चला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. शिवाय नव्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात, त्या लांबवणे परवडत नाही. त्यामुळे थांबण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर जोड म्हणून दुसरी खबरदारी लागते : संगणकात कमीत कमी साधने आणि कमीत कमी चाव्या ठेवणे. एखादे पॅकेज दगा देणारे निघालेच, तरी त्याच्या हाती फार काही लागणार नाही.