स्वयंचलित गाडी आणि कामाची वाटणी

येत्या वर्षी आपल्या विद्यालयातील आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी मिळून स्वतःहून चालणाऱ्या गाडीची प्रतिकृती तयार करावी, असा प्रस्ताव विज्ञान मंडळापुढे आला आहे. त्यावर शिक्षक-दालनात बरीच चर्चा झाली. काहींच्या मते हे निव्वळ खेळणे आहे. काहींच्या मते तोच पैसा शिष्यवृत्ती परीक्षेच्या पुस्तकांवर खर्च व्हावा. काहींना पुढे येणाऱ्या दहावीच्या निकालाची चिंता वाटते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तारा, मोटारी, संगणक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या प्रकल्पाच्या बाजूने, आणि त्याहूनही अधिक त्याच्या आखणीविषयी, स्मरणिकेच्या निमित्ताने दोन शब्द मांडावेत असे आम्हांस वाटते.

यंत्राकडे संशयाने पाहण्याची रीत आपल्या चळवळीची नाही. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांचे काय केले याची झडती घेणाऱ्या आपल्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला आहे. पशुवत कष्टांतून माणसाला सोडवून फुरसत देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे आणि फुरसतीखेरीज संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्रामुळे अनर्थ होत असतील, तर दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी बजावले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पाठीवर ओझे होते, त्यांच्या मुलांनी यंत्र समजून घ्यावे, यात नवल ते काय?

आता ही गाडी चालते कशी, ते थोडक्यात पाहू. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी पट्टी चिकटवलेली असते. गाडीच्या पुढच्या अंगाला, खालच्या बाजूस, अवरक्त किरण सोडणारे व परत टिपणारे संवेदक असतात. पांढरा पृष्ठभाग किरण परतवतो, काळी पट्टी ते बहुतांशी शोषून घेते. त्यावरून गाडीस आपली वाट कळते. समोरचा अडथळा श्राव्यातीत ध्वनीने ओळखता येतो. ध्वनी जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा, त्यास ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरने गुणायचे आणि दोहोंनी भागायचे. अंतर मिळाले! नववीच्या मुलास हे गणित अवघड नाही. संवेदकांकडून आलेली माहिती अर्डुइनोसारख्या छोट्या फलकावरील आज्ञावली तपासते आणि कोणते चाक किती फिरवायचे ते ठरवते. पुढच्या टप्प्यात कॅमेरा जोडता येतो. पाहणे, ठरवणे, वळणे एवढाच हा व्यवहार आहे.

यंत्राची बाजू अशी सरळ आहे. खरा प्रश्न माणसांच्या बाजूचा आहे, आणि तो आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याच देखरेखीखाली विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रतिकृती तयार झाली. ज्याच्या घरी संगणक होता त्या एका मुलाने सारे डोक्याचे काम केले. दोघांनी थर्माकोल कापला, एकाने सामान वाहिले, मुलींनी तक्ते रंगवले आणि टेबलापुढे रांगोळी काढली. प्रतिकृतीस बक्षीसही मिळाले. परंतु परीक्षकांनी सामान वाहणाऱ्या मुलास प्रश्न विचारला, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मला नाही माहीत सर, मी फक्त उचलाउचलीला होतो." ते वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हा विचार आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पण आमच्याच प्रकल्पात विचार करणारे आणि ओझे वाहणारे असे दोन वर्ग आम्ही उभे केले, आणि ते आमच्या ध्यानातही आले नाही! सर्व मुले एकाच वस्तीतून आली म्हणून विषमता आपोआप दाराबाहेर राहत नाही. घरी संगणक असणे, इंग्रजी येणे, मुलगा असणे यांतून नवी उतरंड तयार होते.

म्हणून आमची सूचना अशी. बारा विद्यार्थी घ्यावेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. तिघांच्या चार तुकड्या कराव्यात : सांगाडा व मोटारी, वीज व संवेदक, आज्ञावली, आणि चाचणी व नोंदी. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक तुकडीने पुढच्या कामावर जावे. म्हणजे बारा आठवड्यांत प्रत्येकाच्या हातून चारही कामे होतील. जाताना नव्या तुकडीस नोंदवहीच्या आधारे सारे समजावून द्यावे. प्रयोगशाळा झाडण्याची पाळी सर्वांना सारखी असावी. काम शाळेच्या वेळेतच व्हावे. कारण मुलींच्या वसतिगृहाचे दार सायंकाळी लवकर बंद होते, आणि रात्रीच्या कामातून त्या नकळत वगळल्या जातात. शेवटी परीक्षकाने चिठ्ठी टाकून कोणासही उठवावे आणि गाडीचा कोणताही भाग विचारावा. गाडी चालली पण उत्तर आले नाही, तर प्रकल्प अपुरा समजावा.

याने वेळ अधिक लागेल, गाडीही कदाचित वाकडीतिकडी धावेल, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण २००४ साली अमेरिकेतील मोहावे वाळवंटात चालकाविना गाड्यांची मोठी स्पर्धा झाली, तेव्हा सुमारे २२८ किलोमीटरच्या मार्गावर सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही पार करू शकली नव्हती. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. पहिल्या वर्षाचे अपयश हा लाजेचा विषय नाही. ते नोंदवहीत उतरले नाही, तर मात्र वाया जाते.

यंत्र घडवणाऱ्यांत कोण आहे, यास महत्त्व का, याचेही एक उदाहरण आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या संगणक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहून कमी होती. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती शेकडा ३४ च्या वर गेली. यंत्रास जे दाखवले जाते, तेच ते शिकते. दाखवणाऱ्यांत आपण नसू, तर यंत्राच्या डोळ्यांपुढेही आपण नसू.

प्रस्तावाची चर्चा ऐकून एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, माझे बाबा काळीपिवळी चालवतात. अशा गाड्या आल्या तर ते काय करतील?" या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्यापाशी नव्हते. परंतु तो प्रश्न नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावा, असे आम्ही सुचवले आहे. कोणते काम यंत्राने आधी करावे, हे ठरवण्याचा अधिकार आपलाही आहे. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारांत माणसे गुदमरून मरतात. केरळातील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारे 'बॅन्डिकूट' हे यंत्र घडवले आणि २०१८ साली ते तिरुअनंतपुरम येथे कामास लागले. आज काळ्या पट्टीवरून गाडी चालवणाऱ्या मुलांनी उद्या असे यंत्र घडवावे, ही आमची आस आहे.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची एक विनंती आहे. प्रकल्पास देणगी अवश्य द्यावी, पण त्याहून अधिक आपला एखादा रविवार द्यावा. आपल्यांपैकी कोणी आयटीआय झालेले आहेत, कोणी वीज मंडळात आहेत, कोणी गॅरेज चालवतात. त्यांनी मुलांच्या शेजारी बसावे. आणि प्रकल्पाचे पहिले व्याख्यान त्या काळीपिवळीच्या चालकाने द्यावे, असे आम्ही विज्ञान मंडळास सुचवत आहोत. रस्त्यावर डोळे नेमके काय पाहतात, कुठे वेग कमी करावा लागतो, समोरून येणारा वळणार की थांबणार हे कशावरून कळते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे? त्यांचे हे ज्ञान मुलांनी आधी ऐकावे, आणि मगच आज्ञावली लिहावयास बसावे.

जय भीम! नमो बुद्धाय!